क्रमांक ४०२ आणि बारा शब्द

इंटरनेटवर 'पान सापडले नाही' असे सांगणारा ४०४ हा आकडा आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिला आहे. त्याच यादीत दोन पायऱ्या वर एक आकडा आहे, तो मात्र फारसा कुणी पाहिलेला नाही. तो म्हणजे ४०२. त्याचा अर्थ, 'आधी पैसे भरा'. टिम बर्नर्स-ली यांच्या वेबचा जो १९९२ मधला आराखडा आज उपलब्ध आहे, त्यात हा क्रमांक आहे. सर्व्हरने आपल्याला कोणत्या प्रकारे पैसे चालतील ते सांगावे आणि मागणाऱ्याने 'अमक्याच्या खात्यावर मांडा' असा मजकूर जोडून पुन्हा यावे, इतके त्यात लिहिलेले होते. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपीच्या नियमांची पुढची आवृत्ती निघाली, तेव्हा हे तपशील गळाले आणि क्रमांकापुढे एवढीच नोंद उरली, की ही जागा भविष्यासाठी राखीव आहे. जून २०२२ मध्ये नियम पुन्हा नव्याने लिहिले गेले. तरी तीच नोंद कायम. एसटीच्या गाडीत 'आमदारांसाठी राखीव' अशी पाटी असते आणि आमदार काही येत नाहीत, तसा हा प्रकार तीस वर्षे चालला होता.

जागा रिकामी राहिली ती प्रयत्न झाले नाहीत म्हणून नव्हे. डेव्हिड चॉम या गणितज्ञाने १९८९ मध्ये डिजिकॅश नावाची कंपनी काढली आणि संगणकावरून देता येईल अशी, देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवणारी नाणी घडवली. अमेरिकेतल्या एका बँकेने ती चालवूनही पाहिली. १९९८ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. डिजिटल इक्विपमेंट या त्या काळच्या बलाढ्य संगणक कंपनीने सेंटाच्याही अंशात व्यवहार करता यावेत म्हणून मिलिसेंट नावाची योजना आखली होती, तीही विरली. निक साबो या अभ्यासकाने १९९९ मध्ये याचे एक कारण सांगितले आणि ते मला आजही पटते. खर्च फक्त पैशाचा नसतो, ठरवण्याचाही असतो. एका लेखासाठी पाच पैसे द्यावेत की नाही हे ठरवण्यात माणसाचे डोके जितके शिणते, त्याची किंमत पाच पैशांहून जास्त असते. शिवाय कार्डाचा खर्च वेगळाच. अमेरिकेत कार्डाने पैसे घेणारी एक मोठी कंपनी प्रत्येक व्यवहारामागे साधारण २.९ टक्के आणि वर ३० सेंट कापते. एक सेंटाची वस्तू विकण्यासाठी तीस सेंटांचा हमाल लावायचा, असा तो हिशेब. मग वेबने दुसरी वाट धरली. वाचणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, त्याचे लक्ष जाहिरातदाराला विकायचे. पुढे जे झाले ते आपण भोगतोच आहोत.

आता ती राखीव जागा भरू लागली आहे. कारण असे, की गिऱ्हाईक बदलले. मागणारा माणूस राहिला नाही, तो प्रोग्रॅम झाला. प्रोग्रॅमला पाच पैसे द्यावेत की नाही या विचाराने शीण येत नाही.

हे मला समजले ते माझ्या भाच्यामुळे. तो नाशिकला असतो, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात मोडी कागद वाचतो. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे १७६०-६१, पानिपताचे वर्ष. हे हातानेही करता येते. पण हजारो कागदांच्या याद्या करणाऱ्याला ते एकेक करत बसणे परवडत नाही. भाच्याने त्यासाठी एक एपीआय लिहिला. एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी उघडलेली खिडकी. आत अरबी शब्दांतली मिती सरकवायची, बाहेर इसवी तारीख येते. खिडकीच्या दोन्ही बाजूंना माणूस नसतो.

काही महिन्यांनी त्याच्या लक्षात आले की खिडकीवर परदेशांतूनही प्रोग्रॅम येत आहेत. सर्व्हरचे भाडे त्याच्या खिशातून जात होते. एका मितीला एक सेंट लावावा असे त्याला वाटले. पण घ्यायचा कसा? आपले यूपीआय २०१६ पासून आहे आणि चहाचे दहा रुपयेही त्यातून विनासायास जातात. मात्र ते मुळात बँक खाते असलेल्या, फोनवर पिन दाबणाऱ्या माणसासाठी रचलेले आहे. दूरदेशीच्या सर्व्हरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमला पिन दाबायला बोट नाही. कार्डाचा हिशेब वर सांगितलाच. म्हणून मग तो एक्स४०२ या पद्धतीकडे वळला. ही पद्धत कॉइनबेस या अमेरिकी कंपनीने मे २०२५ मध्ये खुली केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्लाउडफ्लेअरसोबत तिच्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापण्याची घोषणाही झाली. नावातला ४०२ तो हाच, बर्नर्स-ली यांच्या यादीतला.

व्यवहार कसा होतो ते पाहू. मागणारा प्रोग्रॅम खिडकीवर येतो. सर्व्हर त्याला माल देत नाही, ४०२ क्रमांक आणि सोबत एक चिठ्ठी देतो. चिठ्ठीवर लिहिलेले असते: किती पैसे, कोणत्या नाण्यात, कोणत्या जाळ्यावर, कोणत्या पत्त्यावर आणि किती वेळात. प्रोग्रॅम त्या मजकुराचे एक अधिकारपत्र बनवतो, 'माझ्या पत्त्यावरून या पत्त्यावर इतकी रक्कम, अमुक वेळेपर्यंत नेण्यास मुभा आहे', त्यावर आपल्या गुप्त किल्लीने सही करतो आणि तीच मागणी सहीसकट पुन्हा पाठवतो. सर्व्हर ते अधिकारपत्र एका मध्यस्थाकडे तपासायला देतो. सही खरी आहे का, पत्त्यावर तेवढे पैसे आहेत का, हेच पत्र पूर्वी एकदा वटवले गेले आहे का, हे पाहून मध्यस्थ ते ब्लॉकचेनवर मांडतो. मग खिडकीतून तारीख बाहेर येते. बेस नावाच्या जाळ्यावर दर दोन सेकंदांनी नोंदींचे नवे पान उघडते, त्यामुळे हे सगळे चहाचा घोट घेईपर्यंत उरकते. मध्यस्थाच्या हाती पैसे येत नाहीत. अधिकारपत्रावरचा पत्ता किंवा रक्कम त्याने बदलली तर सही जुळणार नाही.

यात घेणाऱ्याकडे काय लागते? एक पत्ता. बस. आणि इथेच बहुतेक नवशिके चुकतात, म्हणून जरा थांबतो.

वॉलेट हा शब्द दिशाभूल करणारा आहे. पाकीट म्हटले की आत नोटा आहेत असे चित्र उभे राहते. क्रिप्टोच्या वॉलेटमध्ये पैसे नसतात. पैसे म्हणजे ब्लॉकचेन नावाच्या, हजारो संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या खतावणीतली एक नोंद: अमुक पत्त्यावर अमुक रक्कम. वॉलेटमध्ये असते ती फक्त सही करण्याची शक्ती. ती एका प्रचंड मोठ्या, यदृच्छेने निवडलेल्या संख्येत असते. तिला खासगी किल्ली म्हणतात. त्या संख्येवरून एका वक्ररेषेच्या गणिताने सार्वजनिक किल्ली निघते. इथरियमच्या कुळातल्या जाळ्यांवर त्या सार्वजनिक किल्लीचे आणखी एक संक्षिप्त रूप काढून त्याचे शेवटचे वीस बाइट घेतात, तो झाला पत्ता. शून्य आणि एक्स यांच्या पुढे चाळीस अक्षरे-अंकांची माळ. किल्लीवरून पत्ता काढणे क्षणाचे काम आहे, पत्त्यावरून किल्ली काढणे आजच्या कोणत्याही संगणकाला शक्य नाही.

भाजीवाल्याच्या हातगाडीवर लटकवलेला क्यूआर आठवा. तो रस्त्यावर दिवसभर उघडा असतो, कुणीही त्याचा फोटो काढावा, त्याने भाजीवाल्याच्या खात्यातला रुपयाही हलत नाही. पैसे बाहेर काढायला त्याचा पिन लागतो आणि पिन काही तो हातगाडीवर चिकटवत नाही. वॉलेटचा पत्ता म्हणजे तो क्यूआर. असे असूनही, पैसे घेणारा सर्व्हर उभा करताना अनेक जण खासगी किल्लीच सर्व्हरच्या फायलीत ठेवून देतात, कारण कुठल्या तरी नमुना-प्रोग्रॅममध्ये तसे लिहिलेले असते. तो नमुना बहुधा पैसे देणाऱ्याचा असतो. देणाऱ्या प्रोग्रॅमला सही करावी लागते, म्हणून त्याच्याजवळ किल्ली लागते, आणि म्हणूनच देणाऱ्याच्या त्या वॉलेटमध्ये किराण्याच्या डब्यातल्या सुट्ट्या पैशांइतकेच ठेवावे. घेणाऱ्याला सही करायचीच नसते. सार्वजनिक संग्रहात चुकून चढवलेल्या फायलींतून अशा किल्ल्या हुडकणारे प्रोग्रॅम अहोरात्र फिरत असतात. किल्ली उघडी पडली की काही मिनिटांत पत्ता रिकामा होतो.

भाच्याने म्हणून क्रम उलटा धरला. सर्व्हर नंतर, आधी किल्ली. घरातल्या एका जुन्या लॅपटॉपवर नव्हे, तर त्यासाठीच मिळणाऱ्या, पेनड्राइव्हएवढ्या एका छोट्या यंत्रात त्याने ती जन्माला घातली. या यंत्रांचे वैशिष्ट्य हे, की सही आत होते आणि किल्ली बाहेर येत नाही. यंत्राने त्याला पडद्यावर बारा इंग्रजी शब्द दाखवले आणि कागदावर उतरवून घ्यायला सांगितले.

हे बारा शब्द वाङ्मयाच्या वाचकाला आवडावेत असे प्रकरण आहे. खासगी किल्ली ही मोठी संख्या. माणसाच्या हातून ती उतरवताना चूक होणारच. म्हणून २०१३ मध्ये काही प्रोग्रॅमरांनी २०४८ शब्दांची एक यादी ठरवली. पहिला शब्द 'अबॅन्डन', म्हणजे सोडून देणे, आणि शेवटचा 'झू', म्हणजे प्राणिसंग्रहालय. यादी अशी निवडली आहे, की प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरूनच ओळखता यावा. यंत्र यदृच्छेने १२८ बिटांची संख्या काढते, तिला पडताळ्याचे चार बिट जोडते आणि त्या १३२ बिटांचे अकरा-अकराचे बारा तुकडे करून प्रत्येक तुकड्याला एक शब्द देते. शक्य त्या संख्या किती? ३४ लिहून त्यापुढे ३७ शून्ये द्यावीत, जवळपास तितक्या. इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चेक आणि पोर्तुगीज अशा याद्या त्या मूळ संग्रहात आहेत. एकाही भारतीय भाषेची नाही. चार अक्षरांत वेगळे ओळखू येतील असे २०४८ मराठी शब्द निवडायला बसावे, जोडाक्षरे आणि ऱ्हस्वदीर्घ यांचा घोळ टाळून, हे काम एखाद्या कोशकाराच्या मंडळाला महिनाभर पुरेल. तोवर नाशिकच्या माणसाला आपली मिळकत इंग्रजी शब्दांच्या हवाली करावी लागते.

शब्द उतरवून झाल्यावर भाच्याने जे केले ते मी इथे मुद्दाम नोंदवतो, कारण निम्मे लोक ते करत नाहीत. पत्त्यावर एक पैसाही येण्यापूर्वी त्याने यंत्र पुसून कोरे केले आणि कागदावरचे बारा शब्द त्यात पुन्हा भरून पाहिले. यंत्राने शब्द नाकारले. तीन वेळा भरले, तीन वेळा नकार. मग मला फोन केला, म्हणाला, 'मामा, माझंच अक्षर मला वाचता येत नाहीये.' मोडी वाचणाऱ्या माणसाने हे म्हणावे! सातव्या जागी त्याने लिहिलेला शब्द 'विंक' होता. तो 'विंग'ही असू शकत होता, 'वाइन'ही. तिन्ही शब्द यादीत आहेत आणि तिन्हींची पहिली तीन अक्षरे तीच. 'विंग' भरल्यावर यंत्र उघडले आणि तोच जुना पत्ता परत दिसला. पडताळ्याच्या चार बिटांमुळे सोळातल्या पंधरा चुका पकडल्या जातात, सोळावी निसटते आणि एक भलताच, रिकामा पत्ता समोर येतो. पैसे असताना हे घडले असते तर त्या रात्री घरात कुणाला झोप लागली नसती. कागदावर नवे, ठळक, सुटे अक्षर. मग चाचणीच्या जाळ्यावर, जिथली नाणी खोटी असतात, दोन दिवस रंगीत तालीम. आणि मगच सर्व्हरच्या फायलीत फक्त पत्ता.

फक्त पत्ता ठेवला म्हणजे सगळे सुरक्षित, असेही नाही. सर्व्हरमध्ये कुणी शिरले तर त्याला किल्ली मिळणार नाही, पण तो पत्ता बदलू शकतो. हातगाडीवरच्या क्यूआरवर रात्रीतून दुसराच कागद चिकटवून जाणारे भामटे असतात, तसे. भाजी जात राहते, पैसे भलतीकडे. भाच्याने त्यावर साधा उपाय केला आहे: रोज सकाळी एका वेगळ्याच संगणकावरून तो स्वतः गिऱ्हाईक बनून खिडकीवर जातो आणि चिठ्ठीतला पत्ता कागदावरच्या पत्त्याशी ताडून पाहतो. सगळाच्या सगळा, फक्त पुढची चार आणि मागची चार अक्षरे नव्हे. ठगांनी तेवढीच अक्षरे जुळणारे पत्ते बनवून लोकांच्या व्यवहारांच्या यादीत पेरण्याचा धंदा मांडला आहे. मे २०२४ मध्ये एका धनाढ्य व्यक्तीने अशा पेरलेल्या पत्त्यावर सुमारे सात कोटी डॉलरची नाणी पाठवली. ती बरीचशी पुढे परत मिळाली, हा नशिबाचा भाग.

नाणे कोणते घ्यायचे हा प्रश्न तुलनेने लवकर सुटतो. बिटकॉइनच्या मूळ निबंधात, ऑक्टोबर २००८ मध्ये, मध्यस्थांच्या खर्चामुळे लहान व्यवहार अशक्य होतात अशी तक्रार होती. डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉइनच्याच एका व्यवहाराचा सरासरी खर्च पन्नास डॉलरच्या वर गेला होता. एक सेंट घेण्यासाठी ते कामाचे नाही. एक्स४०२ मध्ये बहुतेक करून यूएसडीसी हे नाणे चालते. ते डॉलरशी बांधलेले आहे, एका नाण्याचे दहा लाख भाग होतात आणि सर्व्हरच्या चिठ्ठीत रक्कम त्याच भागांत लिहितात. एक सेंट म्हणजे १०,०००. इथे एक शून्य जास्त पडले तर गिऱ्हाईक पळेल, कमी पडले तर आपण. बांधलेले म्हणजे पक्के असेही समजू नये. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली, तेव्हा या नाण्यामागच्या गंगाजळीतले ३३० कोटी डॉलर तिथे अडकले होते, आणि नाण्याचा भाव काही काळ नव्वद सेंटांच्या खाली घसरला होता. शिवाय नाणे काढणारी सर्कल ही कंपनी एखादा पत्ता गोठवू शकते. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी सरकारच्या निर्बंधांनंतर तिने तसे केलेही. 'कुणाचाही ताबा नसलेला पैसा' हे वर्णन ज्यांना प्रिय आहे त्यांनी ही बाब लक्षात ठेवावी.

जाळे चुकले तर मात्र गुंता होतो. तेच यूएसडीसी इथरियमवरही आहे, बेसवरही आहे, आणखी कैक जाळ्यांवर आहे. नाव एक, खतावण्या वेगळ्या. आणि एक बारीक गंमत. पैसे येताना खतावणीची फी मध्यस्थ भरतो, त्यामुळे घेणाऱ्याला वाटते की सगळे फुकट आहे. पहिल्यांदा पैसे बाहेर काढायला जावे तेव्हा कळते, की बेसवर फी इथर या वेगळ्याच नाण्यात द्यावी लागते आणि ते आपल्याकडे छदामही नाही. शंभर डॉलर समोर दिसतात आणि हलत नाहीत. थोडे इथर आधीच आणून ठेवावे.

आता मला ज्यासाठी हा विषय लिहावासा वाटला त्याकडे येतो. आमच्या घरी पणजोबांच्या पेढीची काही चोपडी उरली आहेत. लक्ष्मीपूजनाला आजही ती पाटावर मांडली जातात. त्यांत हुंड्यांच्या नोंदी आहेत. हुंडी म्हणजेही एक सहीचे पत्रच: अमक्याने तमक्याला इतके रुपये द्यावेत. दाखवताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरल्या मुदतीने द्यायची ती मुदती. ज्याचे नाव असेल त्यालाच मिळणारी धनीजोग, बाजारातल्या पतवान आसामीच्या हातीच वटणारी शाहजोग. एक्स४०२ च्या अधिकारपत्रात देणारा, घेणारा, रक्कम, कधीपासून वटेल आणि कधीपर्यंत, ही जी कलमे आहेत ती वाचताना मला हुंडीचीच भाषा ऐकू आली. पण हुंडीत एक कलम होते ते इथे नाही. हुंडी वाटेत हरवली तर पेढी तिची दुसरी प्रत देई, तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर तिसरी, परपेठ. हरवणे हे माणसाचे लक्षण आहे असे गृहीत धरून ती पद्धत रचलेली होती. बारा शब्द हरवले तर पेठ नाही. कारण पेठ देणारी पेढीच नाही.

स्टेफान थॉमस या प्रोग्रॅमरचे उदाहरण जगभर छापून आले आहे. २०११ मध्ये बिटकॉइनची ओळख करून देणारी एक चित्रफीत बनवल्याबद्दल त्याला मोबदला म्हणून ७,००२ बिटकॉइन मिळाले. त्यांच्या किल्ल्या त्याने एका कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये ठेवल्या आणि पासवर्डचा कागद हरवला. त्या पेनड्राइव्हला दहाच प्रयत्न चालतात. २०२१ च्या जानेवारीत बातमी आली तेव्हा आठ संपले होते. तो सट्टेबाज नव्हता. केलेल्या कामाचे पैसे होते ते.

माझ्या ओळखीत घडलेले इतके मोठे नाही. माझ्या एका स्नेह्याने, जो भाषांतराच्या कामासाठी लहानसहान प्रोग्रॅम लिहीत असे, तीन वर्षे परदेशी गिऱ्हाइकांकडून असेच पैसे घेतले. तो अचानक गेला. पत्नीला वॉलेट आहे एवढे माहीत होते. पत्ता त्याच्या वहीत सापडला. ब्लॉकचेन सार्वजनिक असल्यामुळे तो पत्ता कोणत्याही फोनवर टाकला की शिल्लक दिसते. त्यांच्या मुलाने ती मला दाखवली. मुलीच्या दोन वर्षांच्या फीएवढी रक्कम. बँक असती तर वारसाचा दाखला घेऊन खेटे घातले असते, सहा महिन्यांनी का होईना पैसे मिळाले असते. इथे खेटे घालायला दारच नाही. वहिनी म्हणाल्या, 'भाऊजी, दिसतंय म्हणून जास्त त्रास होतो.' अजूनही महिन्यातून एकदा मुलगा तो पत्ता उघडून पाहतो. बारा शब्दांचा कागद घरात आहे, नव्हता, की रद्दीत गेला, कुणाला माहीत नाही.

हे मी भाच्याला सांगितले आणि त्याने आपली व्यवस्था बदलली. आता त्याचा घेण्याचा पत्ता एका किल्लीचा नाही, 'तिघांपैकी दोघे' अशा रचनेचा आहे. तीन स्वतंत्र किल्ल्या, पैसे हलवायला कोणत्याही दोन सह्या. अशी रचना ब्लॉकचेनवरच एका छोट्या प्रोग्रॅमच्या रूपात बसवता येते. तिचा पत्ता मात्र ज्या जाळ्यावर ती बसवली त्या जाळ्यापुरताच असतो. दुसऱ्या जाळ्यावर त्याच पत्त्याला पैसे गेले तर ते अडकू शकतात. ही रचना म्हणजे अभेद्य गड, असे मानू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या बाजारातून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले ते असल्याच बहुसहीच्या पत्त्यातून. त्याआधी जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्समधून २३ कोटी डॉलरच्या आसपास गेले तेही तसेच. दोन्हीकडे सह्या खऱ्या होत्या. सही करणाऱ्यांना पडद्यावर एक दिसत होते आणि ते सही दुसऱ्याच मजकुरावर करत होते. भाच्याचा व्यवहार लहान, त्याच्या मागे कुणी लागण्याची शक्यताही लहान. त्याला धोका चोराचा नाही, विसरण्याचा आणि मरण्याचा आहे, आणि त्यावर ही रचना चांगली आहे.

राहता राहिला कर. भाच्याने सनदी लेखापालांना विचारले. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांना क्रिप्टो-व्यवहारांपासून दूर ठेवणारे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक रद्द केले, आणि हे जवळ बाळगणे गुन्हा नाही. पण २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा मालमत्तेच्या हस्तांतरणातल्या नफ्यावर ३० टक्के कर लावला, तोटा वजा करू दिला नाही आणि विक्रीच्या रकमेतून एक टक्का आधीच कापण्याची तरतूद केली. लेखापालांच्या मते भाच्याचा प्रत्येक सेंट ज्या दिवशी आला त्या दिवशीच्या रुपयांतल्या भावाने उत्पन्नात धरायचा आणि पुढे विकताना फरकावर वेगळा कर. शंभर डॉलर मिळवायला दहा हजार मिती सांगाव्या लागतात, म्हणजे दहा हजार नोंदी. शिवाय कायद्यातली व्याख्याच अशी आहे, की ही मालमत्ता म्हणजे भारतीय चलन नव्हे आणि परकीय चलनही नव्हे. सेवा निर्यात केली म्हणून जीएसटीची सवलत मागायची तर पैसा परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तिथे रुपयांत आलेला लागतो. डॉलरसारखे दिसणारे नाणे तिथे डॉलर ठरत नाही. लेखापालांनी सल्ला दिला की मोठी गिऱ्हाइके आली तर त्यांना सरळ बँकेतून पैसे पाठवायला सांगा, हे सेंटांपुरते राहू द्या. मला तो शहाणपणाचा वाटला. भाच्याने रोजच्या नोंदींची आपोआप बेरीज करून रुपयांत मांडणारा आणखी एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात त्याचा एक महिना गेला, मूळ एपीआय आठवड्यात झाला होता.

तीन किल्ल्यांपैकी एक भाच्याकडे आहे, एक त्याच्या पत्नीकडे. तिसरीचे बारा शब्द एका जाड पाकिटात, लाखेची मोहर लावून, माझ्याकडे दिले आहेत. आत त्याने देवनागरीत एक पानही लिहून ठेवले आहे: पत्ता कोणता, जाळे कोणते, रचना कोणती, माझ्या पश्चात हिने आणि तुम्ही मिळून काय करायचे. मी ते उघडलेले नाही. पणजोबांच्या चोपड्यांच्या पेटीत सगळ्यात तळाशी ठेवले आहे. लक्ष्मीपूजनाला चोपड्या बाहेर काढताना ते जागेवर आहे ना, एवढे या वर्षीपासून पाहायचे आहे.